ढालीच्या सामन्यातला हिरवा झेंडा

आप्पा, रविवारी शिरूरला जाऊन आलो. फुटबॉलच्या ढालीचा सामना होता. पाऊस सरला, मैदान वाळलं की हंगामातला पहिला सामना ढालीचा, हे तुमच्या वेळचं अजून तसंच आहे. गेल्या वर्षी लीग जिंकलेला संघ एका बाजूला, कप जिंकलेला दुसऱ्या बाजूला, एकच सामना, आणि मग नवी लीग सुरू. या खेपेला लीग शिरूरची होती आणि कप कुरकुंभच्या कारखान्यातल्या पोरांचा. आपला दौंडच्या रेल्वेचा संघ मोडून बरीच वर्षं झाली. जुने रिटायर झाले, नवीन भरती झालेली पोरं क्रिकेट बघतात, तेही मोबाइलवर. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी मैदानावर पाय ठेवून सत्तावीस वर्षं झाली होती, म्हणजे तुम्ही रेफ्रीची शिट्टी सोडलीत तेव्हापासून. तेव्हा हे बोलावणं माझं नव्हे, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. ते तुमचं होतं, तुम्ही नाही म्हणून माझ्याकडं आलं. तिथं जे ऐकलं ते चार दिवस डोक्यातून जात नाही. आणि ज्या सामन्यामुळं तुम्ही शिट्टी सोडलीत, त्या सामन्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची माझ्याकडून राहून गेली आहे. ती सांगायला बसलोय. लगेच जमणार नाही, जरा वळसा घेऊन येतो.

पाटसच्या लूप लाइनला आमची मालगाडी उभी आहे, तिच्या शेवटच्या डब्यात बसून लिहितोय. रिकाम्या वाघिणींचा रेक, त्याला कोण विचारतो. मागून येणाऱ्या सगळ्या एक्स्प्रेस पुढं गेल्याशिवाय आम्हाला सिग्नल मिळायचा नाही. दुपार आहे, ऊन कलायला अजून वेळ आहे. ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट पुढं इंजिनात, मी अर्ध्या किलोमीटरवर मागं. मघाशी वॉकीटॉकीवर त्यांनी जेवणाचे डबे उघडल्याचं सांगितलं आणि जेवताय ना म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. इथून उठून तिथवर कोण जातंय. आता आम्हाला गार्ड म्हणत नाहीत आप्पा, ट्रेन मॅनेजर म्हणतात. मॅनेज करायला डब्यात मी एकटा. तुमच्या त्या झेंडे-दिव्यांच्या लोखंडी पेटीच्या जागी चाकं लावलेली बॅग आली, आणि काही गाड्यांना तर शेवटी माणसाऐवजी एक यंत्र अडकवून सोडून देतात. घरीही फारसं वेगळं नाही. तुमची सून लेकीच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी हडपसरला गेली, त्याला आता वर्ष होईल. लेक-जावई दोघंही नोकरीला, मूल सांभाळायला कुणी नाही, तिचंही बरोबरच आहे. मी फोन करतो. ती फोन नातवाच्या तोंडाशी धरते आणि तो नुसता श्वास घेतो. तेवढा ऐकतो आणि ठेवतो.

तुम्हीही असेच या डब्यात बसला असाल, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्याआधी तुम्ही म्हणजे मला फक्त ड्यूटीला निघणारा माणूस. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची, पण डबा तुमचा तुम्ही भरायचात. भाकरी खाली, वर ठेचा, कांदा कागदात वेगळा, आणि यात कुणी हात घातलेला चालायचा नाही. मला पहिली ड्यूटी लागली तेव्हा त्याच ओट्यापाशी उभं राहून, हातात पुसायचं फडकं घेऊन तुम्ही मला शिकवलंत. गाडी सुटली की पुढून ड्रायव्हर हिरवा झेंडा दाखवतो, मागून गार्डानं हिरवा दाखवायचा, म्हणजे गाडी सबंध आहे, चला. वाटेतल्या स्टेशनात मास्तर हिरवा धरून उभा असतो, त्यालाही हात वर करून उत्तर द्यायचं. हिरव्याला उत्तर दिलं नाही तर गार्ड झोपलाय असं समजतात, तुम्ही म्हणालात. तीस वर्षं हेच केल्यामुळं हिरवं दिसलं की तुमचा उजवा हात तुम्हाला न विचारता वर जायचा. आई चेष्टा करायची, मी हिरवं लुगडं नेसून दारात उभी राहिले तर हे हात वर करून पुढं निघून जातील. तुम्ही हसायचा नाहीत, नुसते ओठ दाबायचात. त्याच दिवशी तुम्ही मला गोणपाटात चिंध्या भरून, दाभणानं स्वतः शिवलेलं एक बसकर दिलंत. ब्रेकव्हॅनचा पत्रा पाठीचा भुगा करतो, एवढंच म्हणालात. तुम्ही आपल्या हातानं करून मला दिलेली ती एकच वस्तू. बाकी तुमच्याकडून मिळाली ती बोलणीच.

बोलणी तशी तुम्ही कुणालाच चुकवली नाहीत. रेफ्री म्हणून तुमचं नाव दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांत होतं ते त्यामुळंच. शिरूर असो, केडगाव असो, तुमची शिट्टी वाजली की वाद मिटला. आपलं गाव घोड नदीच्या काठचं, इनामगावच्या अलीकडं. गावात ज्या बागाईतदारांच्या ओट्यावर आजोबांना कधी बसता आलं नाही, पाणी ओंजळीत वरून घ्यावं लागलं, त्यांचीच पोरं शिरूरच्या संघातून खेळायची आणि तुमच्या शिट्टीला जागच्या जागी थांबायची. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाहीत. पण सामन्याच्या आदल्या दिवशी काळा शर्ट, काळी चड्डी स्वतः इस्त्री करायचात, बुटांना पॉलिश करायचात. धुळीतच तर पळायचंय, एवढं कशाला, असं मी एकदा म्हणालो. तुम्ही इस्त्री न थांबवता म्हणालात, "आपल्या माणसाची येक चूक गाव जलमभर ध्यानात ठेवतं. त्यांच्या धा चुका दुसऱ्या दिशी कुणाला आठवत बी न्हाईत." तेव्हा मला ते उगाच ताणून बोलल्यासारखं वाटलं होतं.

आणि म्हणूनच तुम्ही मला मैदानाबाहेर काढलंत. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, रेल्वे कॉलनीच्या संघात बॅक. केडगावच्या एका पोराला मी मागून पाय घातला. तो पडला, उठला, कपडे झटकले, त्याची काही तक्रारही नव्हती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तुम्ही समज देऊन सोडला असता, हे मी आजही म्हणेन. तुम्ही लाल कार्ड काढलंत. तेवढ्यावर भागलं नाही. खिशातली छोटी वही काढून मला नाव विचारलंत. नियम आहे म्हणून. तुम्हीच ठेवलेलं नाव तुम्ही मला विचारलंत आणि मी ते सांगितलं, आणि तुम्ही वहीत लिहून घेतलंत, आणि सगळं मैदान हसलं. संध्याकाळी जेवताना तुम्ही फक्त भाजीत मीठ कमी हाय म्हणालात. मी पुन्हा कधी खेळलो नाही. पुढची पाच वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. तुम्हाला ते जाणवत होतं की नाही, ठाऊक नाही. मी मनात रोज तुमच्याशी भांडत होतो आणि समोर आलात की ताट वाढून घेत होतो.

मग तो ढालीचा सामना. लीग शिरूरची, कप आपल्या रेल्वेचा, मैदान दौंडचं, कारण एक वर्ष दौंड, एक वर्ष शिरूर असा नेम. ढालीच्या सामन्याला जादा वेळ नाही आणि पेनल्टीही नाहीत. बरोबरी झाली तर ढाल सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. पुण्याहून यायचा तो लाइन्समन आलाच नाही, आणि लाइन्समनचे झेंडे त्याच्याच पिशवीत. तुम्हाला संध्याकाळी गाडी होती म्हणून तुमची पेटी मैदानावरच आणून ठेवलेली होती. पेटीत गार्डाचे दोन लाल आणि एक हिरवा असे झेंडे असायचे, त्यातला एक लाल घरी धुवायला टाकलेला, तेव्हा पेटीतून एक लाल आणि एक हिरवा असे दोन निघाले. मी बघ्यांत बसलो होतो. तुम्ही मला बोटानं बोलावलंत आणि शिरूरच्या कप्तानाला विचारलंत, पोरगा माझा आहे, चालेल का. कप्तान आपल्याच गावच्या बागाईतदाराचा मुलगा. ज्यानं स्वतःच्या पोराला मैदानाबाहेर काढला त्याला काय विचारायचं, असं तो हसून म्हणाला. दुसरा लाइन्समन चौफुल्याकडचा एक शाळामास्तर होता, त्याला पाहुणा म्हणून तुम्ही लाल दिलात, मला हिरवा. आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलंत, "झेंडा वर केलास की माझी शिट्टी वाजंस्तवर खाली घ्यायचा न्हाई. मी चुकलो तरी न्हाई. ध्यानात ठेव." मी मान डोलावली.

एक-एक झालं होतं. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. आपल्या बाजूनं लांब चेंडू आला आणि आपला सेंटर फॉरवर्ड, लोको शेडमधला फिटर, शिरूरच्या शेवटच्या बॅकच्या दोन पावलं पुढं उभा. माझ्या अगदी समोर. शंकेला जागाच नव्हती, ऑफसाइड. मी झेंडा वर केला. शिरूरचे बॅक तो बघून थांबले, एकानं तर कमरेवर हात ठेवले. तुम्ही मध्यातून पळत येत होतात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, अगदी नीट बघितलंत, आणि तुमचा उजवा हात खांद्यापासून सरळ वर गेला, सावकाश इकडून तिकडं हलला, आणि तुम्ही पळत राहिलात. खेळ चालू द्या म्हणायची रेफ्रीची खूण वेगळी, त्यात दोन्ही हात पुढं येतात. हा हात रेफ्रीचा नव्हताच. हा ब्रेकव्हॅनच्या दारातला हात होता. तुम्हाला झेंडा दिसला तो हिरवा दिसला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं तुम्ही त्याला उत्तर दिलंत. मैदानाभोवती अडीच-तीनशे माणसं असतील. त्यांना वाटलं, रेफ्रीनं ऑफसाइड मानली नाही. खरं काय झालं ते मला एकट्याला कळलं.

फिटर जरा थबकला, मग पुढं गेला आणि गोलकीपरच्या बाजूनं चेंडू आत सारला. चार सेकंद लागली असतील. शिरूरची पोरं तुमच्याभोवती जमली, माझ्याकडं हात दाखवून ओरडायला लागली. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. तोवर माझा झेंडा खाली आला होता. तो वर असता तर तुम्ही माझ्यापाशी आला असता, मला विचारलं असतं आणि गोल रद्द केला असता, तेवढा वेळ होता. झेंडा खाली दिसला म्हणून तुम्ही मध्याकडं बोट करून गोल दिलात. चेंडू पुन्हा खेळात आला आणि मग कुणालाच काही करता येण्यासारखं राहिलं नाही. ढाल दौंडची झाली.

सामना संपला की दोन्ही संघांनी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये एकत्र जेवायचं आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना वाढायचं, ही ढालीची रीत. त्या दिवशी पत्रावळी मांडून झाल्या होत्या, आमटी-भात, बुंदी तयार होती, आणि शिरूरचा टेम्पो कुणीही पानावर न बसता निघून गेला. जाताना कुणी ओरडलं, शेवटी रेल्वेचा तो रेल्वेचाच. टेम्पोतून आणखी एक शब्द आला, आजोबांनी जो आयुष्यभर ऐकला तो. तुम्ही ऐकलात, मीही ऐकला. रेफ्रीचं पान नेहमी हरलेल्यांच्या रांगेत असायचं. तुम्ही हात धुऊन त्या रांगेत आपल्या पानावर जाऊन बसलात. दोन्ही बाजूंना पंधरा-वीस पानं मोकळी. वाढायला आलेल्या फिटरची तुमच्याकडं बघायची हिंमत होईना, त्यानं भात वाढला आणि घाईनं पुढं गेला, पुढं कुणी नव्हतं तरी. मी हॉलच्या दारात उभा होतो. तुमच्या शेजारच्या पानावर बसायला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी बसलो नाही. तुम्ही पानातलं सगळं संपवलंत, पान दुमडलंत आणि ड्यूटीला गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. मला वाटलं, आता खरी बोलणी. तुम्ही मागच्या नळावर पाय धुतलेत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "झेंडा तू वर केला व्हतास. मी पाह्यला. हिरवा दिसला आन् हात वर गेला." तुम्ही टॉवेलनं पाय पुसत राहिलात, नको इतका वेळ. मग म्हणालात, "आन् मंग खाली घेतलास त्ये बरूबर केलंस. रेफ्रीनं बघितलं म्हणल्यावर लाइन्समनचं काम सपलं." आदल्याच दिवशी मला नेमकं याच्या उलटं बजावणारा माणूस हे म्हणत होता. तुम्ही कुणासाठी नियम वाकवल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आता माझ्यासाठी वाकवत होतात. नाही आप्पा, तसं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. आई चहा घेऊन आली, तुम्ही कप घेतलात, मी बाहेर निघून गेलो.

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक शिरूरला होती. मी येतो म्हणालो, तुम्ही नको म्हणालात. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं गेलात आणि संध्याकाळी परत आलात. चूक कबूल करून आलो, असं आईला सांगितलंत. सामना परत खेळवा म्हणालो, तर निकाल बदलता येत न्हाई म्हणाले. निदान ढाल सहा-सहा महिने वाटून घ्या म्हणालो, तर शिरूरकर म्हणाले, उपकाराची अर्धी ढाल आमाला नको. शिट्टी तुम्ही तिथल्या टेबलावर ठेवून आला होतात. हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत, खुंटीवर ती दिसेना म्हणून आईनं ओळखलं. त्यानंतर दहा वर्षं तुम्ही होतात. रविवारी मैदानाकडून ओरडा ऐकू आला की रेडिओ मोठा करायचात. शेवटच्या आजारात दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसायचो आणि आपण दोघं गाड्यांचं बोलायचो, कुठली लेट आहे, कुठल्या लाइनचं काम निघालंय. सांगायला मला दहा वर्षं होती. मी रोज उद्यावर टाकत गेलो आणि एक दिवस उद्या म्हणायला तुम्ही राहिला नाहीत.

तर रविवार. शिरूरचं मैदान आता बरं झालंय, कडेनं जाळी आहे. कुरकुंभच्या संघात अर्धी पोरं बिहार-ओडिशाकडची, शिफ्ट बदलून आलेली, एकमेकांना हिंदीत हाका मारत होती. लाइन्समनच्या हातात पिवळे-केशरी चौकटीचे झेंडे होते. लोक म्हणाले, सामना कंटाळवाणा झाला, शून्य-शून्य. मला कळलंच नाही, मी सबंध वेळ जवळच्या लाइन्समनकडंच बघत होतो. एकदा त्यानं झेंडा वर केला आणि रेफ्रीचं लक्ष नव्हतं. तो धरून उभा राहिला, तीन सेकंद, पाच सेकंद, पण खाली घेतला नाही. शिट्टी वाजली तेव्हा कुठं मी खुर्चीत मागं टेकलो. बरोबरी झाल्यावर नवी पोरं पेनल्टी घ्या म्हणून हटून बसली, कमिटीनं मानलं नाही. नाणं उडवलं, ढाल पहिले सहा महिने कुरकुंभला.

मग सत्कार. आता कमिटीचा अध्यक्ष तोच जुना कप्तान. केस पिकलेत, गुडघे गेलेत, काठी घेऊन उभा राहिला. हंगामातल्या सगळ्यात चांगल्या रेफ्रीला यंदापासून तुमच्या नावानं बक्षीस द्यायचं ठरवलंय, हे त्यानं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग त्या बैठकीचं सांगायला लागला. तुम्ही कसे आलात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत, चूक माझी म्हणालात. त्याचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, कारण ते माझ्या कानातून जात नाहीत. "आमी पोरं लई चिडलेलो. मी म्हणालो, तुमच्या पोरानं झेंडा खाली घेतला, आमी डोळ्यानं पाह्यला, त्यालाच इचारा. तवा ह्यांचं वडील म्हणालं, न्हाई. माझ्या पोराचा झेंडा शिट्टी वाजंस्तवर वरच व्हता. त्यानं त्याचं काम केलं, दिसलं न्हाई ते मला. मंग आमी गप झालो. येवढा माणूस खोटं कशापायी बोलंल?"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर हात ठेवून खुर्चीवर बसलो होतो. झेंडा खाली आला हे तुम्हाला माहीत होतं, आप्पा. नळापाशी तुम्ही स्वतः तसं म्हणाला होतात. म्हणजे तुम्ही त्या लोकांसमोर उभं राहून, ज्यांच्यासमोर आपल्या घरातलं कुणी ताठ मानेनं उभं राहिलं नव्हतं त्यांच्यासमोर, ठरवून खोटं बोललात. माझ्यासाठी. ज्या माणसानं नियम म्हणून मला माझं नाव विचारलं होतं त्या माणसानं. आणि घरी येऊन त्याचा एक शब्दही काढला नाहीत. मी इकडं आयुष्यभर समजत राहिलो की तुम्हाला माझ्यापेक्षा शिट्टी प्यारी.

त्यानं मला शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढं केला. दोन शब्द बोला म्हणाला. तिथं सांगता आलं असतं. त्या सामन्यातली एक-दोन म्हातारी मंडळी पुढंच बसली होती. ती बिचारी आपलेच डोळे तेव्हा चुकले असं समजून बसलेली, त्यांचं तरी समाधान झालं असतं. मी म्हणालो, आप्पांना फुटबॉल फार आवडायचा, आपण त्यांची आठवण ठेवलीत, आभारी आहे. खाली बसलो. पंगतीत मला तुमच्या मानाचं म्हणून मधलं पान दिलं. दोन्हीकडं पोरं होती, आग्रह करकरून वाढत होती. जेवण गेलं नाही. घरी आलो, शाल कपाटात ठेवली, हिला फोन करून सत्कार झाल्याचं सांगितलं. छान झालं म्हणाली. मागून बाळ रडत होतं, तिला जायचं होतं. पुढं बोलणं झालं नाही.

हे कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवले नसते. तुम्ही चारचौघांत माझ्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवलीत, ती खोडायचं बळ माझ्यात नाही. रफ वहीच्या पानांवर लिहिलंय, वही भरली की रद्दीत जाईल. पण झेंडा का खाली आला ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी म्हणालो असतो, घाबरलो, गोंधळलो, आणि तुम्ही ते मानलंही असतं. तसं नव्हतं. रेल्वेनं जिंकावं असंही माझ्या मनात नव्हतं. तुमचा हात वर गेला आणि तुम्ही चुकलात, सगळ्यांसमोर चुकलात, हे मला दिसलं. मला आनंद झाला, आप्पा. ती चूक कुणी सुधारू नये असं वाटलं, म्हणून मी झेंडा खाली घेतला.